ट्रान्झिस्टर ऑर्गनची नक्कल : पाठांतर की आकलन?

शाळेच्या स्नेहसंमेलनात किंवा गणेशोत्सवातील वाद्यवृंदात तुम्ही इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड पाहिला असेल. एक कळ दाबली की पियानो वाजतो, दुसरी दाबली की सतार, तिसरी दाबली की ऑर्गन. एवढ्याशा वाद्यातून इतके आवाज निघतात याचे आपल्याला कौतुक वाटते आणि ते वाटावयासच हवे. परंतु विज्ञानाच्या विद्यार्थ्याने कौतुकापाशी थांबू नये. त्याने पुढचा प्रश्न विचारावा : आत नेमके काय भरले आहे? त्या वाद्याचा आवाज टिपून ठेवला आहे, की ते वाद्य आवाज कसा निर्माण करते याचे ज्ञान आत घातले आहे?

हे दोन मार्ग अगदी वेगळे आहेत. पहिला पाठांतराचा आणि दुसरा आकलनाचा. माझे मत असे की, जुन्या वाद्याची खरी नक्कल दुसऱ्याच मार्गाने होते, आणि ध्वनीचा धडा शिकविण्याचीही तीच योग्य वाट आहे. हे मत तुम्ही माझ्या शब्दावर स्वीकारू नये. म्हणून एक उदाहरण घेऊन ते तपासून पाहू या. उदाहरण आहे १९६० नंतरच्या दशकात गाजलेल्या ट्रान्झिस्टर ऑर्गनचे.

वाद्याची ओळख

ट्रान्झिस्टर ऑर्गनच्या आधी विजेवर चालणारे ऑर्गन होतेच. अमेरिकेत १९३५ साली हॅमंड ऑर्गन बाजारात आला. त्यात दातेरी चकत्या चुंबकांसमोर फिरत आणि त्यातून विद्युत्-स्पंद निर्माण होत. आवाज सुरेख, पण वाद्याचे वजन इतके की ते हलवावयास चार माणसे लागत. १९४७ च्या डिसेंबरात बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टरचा शोध लागला. त्यानंतर पंधरा वर्षांच्या आतच दोन माणसांना सहज उचलता येईल असा ऑर्गन तयार झाला.

इंग्लंडमधील डार्टफर्ड येथील जेनिंग्ज कंपनीने १९६२ साली ‘व्हॉक्स कॉन्टिनेंटल’ हा ऑर्गन आणला. लालसर नारिंगी झाकण, झेड अक्षराच्या आकाराचे चकचकीत पाय आणि उलट्या रंगांच्या पट्ट्या, म्हणजे आपण जिला पांढरी एक म्हणतो ती काळी आणि काळी एक ती पांढरी! बीटल्सच्या जॉन लेननने १९६५ साली न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये हेच वाद्य वाजविले. ‘डोअर्स’ या अमेरिकन वाद्यवृंदाच्या १९६७ च्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेतही रे मॅन्झारेकने वाजविलेला हाच ऑर्गन ऐकू येतो.

इटलीतील फार्फिसा कंपनीचा ‘कॉम्पॅक्ट’ हा याचा प्रतिस्पर्धी, १९६४ चा. फार्फिसा हे नाव ‘एकत्रित ॲकॉर्डियन कारखाने’ अशा अर्थाच्या इटालियन शब्दांवरून बनले आहे. ॲकॉर्डियन आणि आपली बाजाची पेटी ही एकाच कुळातली वाद्ये. दोहोंतही भात्याच्या हवेने धातूच्या पातळ पट्ट्या, म्हणजे सूर, कंप पावतात. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तिचा उपयोग होईल.

बारा आंदोलक आणि दोनाने भागाकार

पेटी जुळविणाऱ्या कारागिराचे काम किती किचकट असते! खर्जातला ‘सा’ वेगळा, मधला वेगळा, तारसप्तकातला वेगळा. प्रत्येक सूर कानसून स्वतंत्रपणे जुळवावा लागतो. ट्रान्झिस्टर ऑर्गनमध्ये मात्र फक्त १२ आंदोलक जुळविले की काम संपते. सप्तकात १२ स्वर, म्हणून १२ आंदोलक.

मग बाकीची सप्तके कोठून येतात? भागाकारातून. दोन ट्रान्झिस्टर असे जोडता येतात की एक चालू असताना दुसरा बंद राहतो, आणि प्रत्येक धक्क्यासरशी त्यांची अदलाबदल होते. या मंडलाला फ्लिप-फ्लॉप म्हणतात. दोन धक्के मिळाले की ते मूळ स्थितीवर येते. म्हणजे सेकंदाला १७६० धक्के दिले तर त्यातून ८८० आवर्तने मिळतात. हे ८८० पुढच्या फ्लिप-फ्लॉपला दिले की ४४०, मग २२०, मग ११०. एकाच आंदोलकातून त्या स्वराची सर्व सप्तके निघतात आणि त्यांचे प्रमाण नेहमी बरोबर २:१ राहते. त्यात तसूभरही फरक पडत नाही, कारण तेथे कानाचा अंदाज नसून मोजणी आहे.

फ्लिप-फ्लॉप एकतर चालू असतो किंवा बंद. त्यामुळे त्याच्यातून निघणारा तरंग चौकोनी असतो. चौकोनी तरंगात मूळ वारंवारतेबरोबर तिच्या ३, ५, ७, ९ अशा विषम पटींतले संनादी स्वर असतात, आणि त्यांचे आयाम अनुक्रमे १/३, १/५, १/७, १/९ असे उतरत जातात. सम पटींतले संनादी नसतात, म्हणून हा आवाज थोडा पोकळ वाटतो.

आता एक गंमत पाहा. २२० हर्ट्झच्या चौकोनी तरंगात ४४० चा तरंग अर्ध्या आयामाने आणि ८८० चा पाव आयामाने मिसळला तर काय होईल? ४४० च्या तरंगाचे संनादी म्हणजे २२० च्या २, ६, १० पटी, आणि ८८० चे म्हणजे ४, १२, २० पटी. हव्या त्या सम जागा भरू लागतात. शिवाय प्रत्येकाचा आयामही बरोबर १/२, १/४, १/६ असा येतो. बेरीज केल्यावर आठ पायऱ्यांचा जिना तयार होतो. तो करवतीच्या दातासारख्या तरंगाच्या अगदी जवळ जातो आणि आवाज भरदार होतो.

व्हॉक्स ऑर्गनवरचे ड्रॉबार नावाचे ओढायचे दांडे अशी मिसळणच करतात. त्यांच्यावर १६, ८, ४ असे आकडे असतात. ही चर्चमधील नळ्यांच्या ऑर्गनची भाषा आहे. ८ फुटी नळीचा स्वर मूळ मानला तर ४ फुटीचा एक सप्तक वर आणि १६ फुटीचा एक सप्तक खाली. चौथ्या दांड्यात अनेक उंच स्वरांचे मिश्रण असते. उरलेल्या दोन दांड्यांनी आवाज किती मऊ आणि किती धारदार हवा ते ठरते.

टिपलेला आवाज कोठे अडखळतो?

आता नक्कल करू. पाठांतराचा मार्ग सोपा दिसतो. जुना ऑर्गन आणावा, प्रत्येक पट्टीचा आवाज टिपावा आणि नव्या कीबोर्डवर तोच वाजवावा. पण टिपावयाचे किती? ऑर्गनच्या ४९ पट्ट्या आणि ६ दांडे. प्रत्येक दांड्याच्या ९ जागा धरल्या तर ९ चा सहावा घात, म्हणजे ५,३१,४४१ जुळण्या होतात. त्याला ४९ ने गुणले की अडीच कोटींहून अधिक नमुने!

यावर कोणी म्हणेल की, प्रत्येक दांडा वेगळा टिपावा आणि वाजविताना मिसळावा, म्हणजे ६ गुणिले ४९, फक्त २९४ नमुने पुरतील. युक्ती चांगली आहे, पण येथेच खरी अडचण उभी राहते.

मधल्या सप्तकातील पांढरी एक दाबली तर ४ फुटी दांड्यातून वरच्या सप्तकातला ‘सा’ वाजतो. आता वरची पांढरी एकही दाबा. तिच्या ८ फुटी दांड्यातूनही तोच ‘सा’ वाजतो. खऱ्या ऑर्गनमध्ये हे दोन्ही आवाज एकाच फ्लिप-फ्लॉपमधून येतात. दोन शिपाई नव्हेत, एकच शिपाई दोन दारांतून दिसतो आहे. त्यांचे पाऊल चुकणे शक्यच नाही. टिपलेल्या नमुन्यांत मात्र दोन वेगळे तरंग असतात आणि पट्ट्या ज्या क्षणी दाबल्या त्यावर त्यांची परस्पर कला ठरते. कधी ते एकमेकांत मिळून दुप्पट होतील, कधी एकमेकांना खाऊन टाकतील. आयाम १ आणि १ यांची बेरीज ० पासून २ पर्यंत काहीही येऊ शकते. प्रत्येक वेळी पट्ट्या दाबल्यावर आवाज किंचित वेगळा! सुटे स्वर हुबेहूब, पण स्वरमेळ वाजविला की वाद्य वेगळे वाटते, याचे एक मोठे कारण हे आहे.

पाठांतराचे नेमके असेच होते. जे प्रश्न पाठ केले ते बिनचूक येतात. दोन प्रश्न एकत्र करून विचारले की पंचाईत होते.

आकलनाने केलेली नक्कल

दुसरा मार्ग म्हणजे आवाज न साठविता जुन्या मंडलाची रीतच गणिताने आत घालणे. याला मॉडेल म्हणतात. स्वीडनमधील क्लाव्हिया कंपनीच्या नॉर्ड इलेक्ट्रो या रंगमंचावरच्या कीबोर्डात २००९ पासून व्हॉक्स आणि फार्फिसा या दोन्ही ऑर्गनांची अशी मॉडेले मिळू लागली. कॉर्ग या जपानी कंपनीने तर २०१७ साली व्हॉक्स कॉन्टिनेंटल याच नावाचा नवा कीबोर्ड काढला, उलट्या रंगांच्या पट्ट्यांसह. परंतु साधनात सोय असली तरी वाजविणाऱ्याला काय हवे ते कळावे लागते. कोणत्याही कीबोर्डवर हा आवाज काढताना पुढील गोष्टी तपासाव्यात, आणि प्रत्येक गोष्टीमागे एक कारण आहे हे पाहावे.

पहिली गोष्ट, पट्टी जोरात दाबली काय किंवा हळू दाबली काय, आवाज सारखाच यावा. जुन्या ऑर्गनची पट्टी म्हणजे नुसते विजेचे बटण. नव्या कीबोर्डात बहुधा प्रत्येक पट्टीखाली दोन स्पर्शबिंदू असतात. त्या दोहोंमधला वेळ मोजून पट्टी किती जोरात दाबली ते ठरते. ऑर्गनसाठी हे मोजमाप बंद करावे आणि सोय असेल तर वरच्या पहिल्याच स्पर्शबिंदूवर आवाज सुरू करावा. पट्टी सोडताच आवाज तुटला पाहिजे. मागे रेंगाळणारा आवाज पियानोला शोभतो, या वाद्याला नाही.

दुसरी, स्वरकंप. जुन्या वाद्यात कंप देणारे मंडल एकच असते आणि ते बाराही आंदोलकांना एकदम हलविते. नव्या कीबोर्डात प्रत्येक पट्टीबरोबर स्वतंत्र कंप सुरू होत असेल तर चार स्वर चार दिशांना डुलतात आणि व्हायोलिनांच्या ताफ्याचा भास होतो. कंप सर्वांना सामाईक ठेवावा.

तिसरी, जुळणी. २२० हर्ट्झच्या पांढऱ्या सहाचा तिसरा संनादी ६६० हर्ट्झवर असतो. सप्तकाचे १२ समान भाग केल्यामुळे त्याच्या शेजारची पांढरी तीन ६५९.२६ हर्ट्झवर येते. फरक ०.७४ हर्ट्झ, म्हणजे चार सेकंदांत सुमारे तीन विस्पंद. आता पांढऱ्या सहाचा आंदोलक उष्णतेने फक्त हजारात एक भाग वर सरकला, २२०.२२ झाला, असे समजा. तिसरा संनादी ६६०.६६ होतो आणि विस्पंद जवळजवळ दुप्पट होतात. खऱ्या ऑर्गनमध्ये असे घडले की सर्व सप्तकांतल्या पांढऱ्या सहा एकदमच सरकतात. म्हणून थोडासा जिवंतपणा आणावयाचा असेल तर ४९ पट्ट्यांना ४९ वेगळे फरक देऊ नयेत, १२ स्वरांना १२ द्यावेत.

चौथी, ध्वनिवर्धक. हे ऑर्गन बहुधा गिटारच्या ध्वनिवर्धकातून वाजविले जात. सर्व स्वर आधी मिसळत आणि मग एकत्रितपणे त्या ध्वनिवर्धकात थोडे पिळवटून निघत. अशा पिळवटण्यात स्वरांच्या वारंवारतांच्या बेरजा-वजाबाक्यांचे नवे स्वर उत्पन्न होतात. म्हणून ध्वनिवर्धकाचा परिणाम मिसळणीनंतर द्यावा. शिवाय गिटारचा मोठा कर्णा फार उंच स्वर नीट काढत नाही. तेव्हा वरची धार थोडी गाळून टाकावी.

आकलनाचा मार्ग बिनधोक आहे असे मात्र समजू नका. संगणकाला नुसते ‘चौकोनी तरंग काढ’ असे सांगितले तर तोही फसवितो. ध्वनितबकडीच्या पद्धतीत सेकंदाला ४४,१०० वेळा तरंगाची उंची नोंदली जाते. याच्या निम्म्याहून, म्हणजे २२,०५० हर्ट्झहून अधिक वारंवारता त्यात मावत नाही. ती मागे दुमडली जाते. २०९३ हर्ट्झचा उंच ‘सा’ घ्या. त्याचा २१ वा संनादी ४३,९५३ हर्ट्झवर येतो. ४४,१०० मधून तो वजा केला की उरतात १४७. म्हणजे इतक्या उंच स्वराच्या तळाशी १४७ हर्ट्झची एक भलतीच गुणगुण सुरू होते! जुन्या मंडलात ती कधीच नव्हती. म्हणून हुशार मॉडेलात मावणारे संनादीच तेवढे निर्माण करतात. जुने वाद्य समजले, तसे नवे साधनही समजावे लागते ते असे.

विरुद्ध बाजू

पाठांतराच्या बाजूनेही बोलण्याजोगे पुष्कळ आहे. ऐकणाऱ्याला कलेची कल्पना नसते. रंगमंचावर ढोल-ताशांच्या गजरात ऑर्गन कसा बनविला हे कोण पाहतो? शिवाय पियानो किंवा सतार यांसारख्या वाद्यांत लाकूड, तारा आणि हवा यांचा व्यवहार इतका गुंतागुंतीचा असतो की टिपलेला नमुनाच अनेकदा सरस ठरतो. हे मला मान्य आहे. मॉडेल बरोबर झाले की नाही हे पडताळून पाहावयासही मूळ आवाजाचे ध्वनिमुद्रण जवळ असावेच लागते. प्रयोगावाचून सिद्धांत पांगळा असतो.

पण आणखी एक गोष्ट पाहा. १९५४ सालच्या ‘नागिन’ चित्रपटातली प्रसिद्ध बीन खऱ्या पुंगीची नव्हती. क्लॅव्हियोलिन नावाच्या, एका वेळी एकच स्वर काढणाऱ्या, निर्वात नळ्यांच्या वाद्यावर कल्याणजी वीरजी शाह यांनी ती मुंबईत वाजविली होती. त्या वाद्यात पुंगीचा आवाज टिपून ठेवलेला नव्हता. पुंगीची ओळख कशात आहे, अखंड धारदार स्वरात आणि घसरत जाणाऱ्या सुरावटीत, हे वाजविणाऱ्याने ओळखले आणि तेवढे साधले. देशभर लोकांनी ती बीन खरी मानली. नक्कल आकलनाने होते याचा याहून बोलका दाखला कोणता?

करून पाहा

हे सर्व वाचून सोडून देण्यापेक्षा शाळेच्या प्रयोगशाळेत करून पाहावे. ५५५ या आयसीचा आंदोलक १७६० हर्ट्झवर जुळवा. त्याचे धक्के सीडी ४०२४ या आयसीला द्या. तिच्यात सात फ्लिप-फ्लॉप ओळीने जोडलेले असतात. ९ व्होल्टची बॅटरी दोघींना पुरते. पहिल्या तीन टोकांवर ८८०, ४४० आणि २२० हर्ट्झ मिळतील. २२० च्या टोकाला १० किलो-ओहम, ४४० ला २२ किलो-ओहम आणि ८८० ला ३९ किलो-ओहमचे रोधक जोडून त्यांची दुसरी टोके एकत्र आणा. त्या जागेपासून बॅटरीच्या ऋण टोकाकडे १ किलो-ओहमचा रोधक लावा आणि तेथूनच एका छोट्या धारित्रातून आवाज ध्वनिवर्धकाला द्या. हा सर्व व्यवहार बॅटरीवरच करावा, घरातल्या विजेला हात लावू नये. आधी २२० चा चौकोनी तरंग एकटाच ऐका, मग बाकीचे दोन एकेक करून जोडा. आवाज पोकळ होता तो कसा भरत जातो ते कानांना कळेल. ऑसिलोस्कोप असेल तर आठ पायऱ्यांचा जिनाही डोळ्यांना दिसेल.

शिक्षकांना माझी विनंती आहे. ध्वनीच्या धड्यात आपण फळ्यावर तरंग काढतो, मुले तो वहीत उतरवितात आणि परीक्षेत परत काढून दाखवितात. तो तरंग कसा ऐकू येतो हे मात्र बहुतेकांना शेवटपर्यंत ठाऊक नसते. कित्येक घरांत कीबोर्ड आहे, कित्येक हातांत फोन आहे. ध्वनीचे पृथक्करण करून दाखविणारी मोफत साधनेही मिळतात. वरचा प्रयोग जमला नाही तर निदान कीबोर्डवर ऑर्गनची कळ दाबून एवढे तरी तपासा : हळू आणि जोरात दाबल्याने आवाज बदलतो का? दोन सप्तकांतले ‘सा’ एकत्र पाच वेळा वाजविले तर पाचही वेळा सारखेच ऐकू येतात का? स्वरकंप सर्व स्वरांना मिळून आहे, की प्रत्येकाला वेगळा?

या तीन प्रश्नांच्या उत्तरांवरून तुमच्या कीबोर्डाने ऑर्गन पाठ केला आहे की समजून घेतला आहे याचा बराच अंदाज येईल. तपासणी वर्गात सर्वांसमोर करा, आणि दोन वेगळ्या कीबोर्डांवर केलीत तर निकाल शेजारी शेजारी मांडून पाहा.